व्यसनमुक्ती केंद्राच्या कामात माजी रुग्णांना सामील करून घेताना: तयारी, टप्पे आणि नेहमी होणाऱ्या चुका

अनेक केंद्रांत माजी रुग्णांचा 'सहभाग' २६ जूनच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाच्या कार्यक्रमापुरता असतो. एक जण माइकसमोर उभा राहून आपण दारू किंवा गर्द कशी सोडली ते सांगतो, टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ दिलं जातं. वॉर्डातलं जेवण, पहिल्या रात्रीची भीती, डिस्चार्जच्या दिवसाची घाई, यातलं काही बदलत नाही. ज्या माणसाने केंद्राचा प्रत्येक दिवस आतून पाहिलाय, त्याच्याकडून आपण फक्त त्याची गोष्ट घेतो. तिथून पुढे जायचं तर त्याच्या हातात एखादा निर्णय द्यावा लागतो.

पुढची पद्धत साधारण ३० खाटांच्या निवासी केंद्रासाठी लिहिली आहे. तयारीला ६ आठवडे आणि त्यानंतर माजी रुग्णांच्या सल्ला गटाच्या महिन्याला एक अशा ६ बैठका, एवढा वेळ धरा. तयारीचे आठवडे कापून थेट बैठक बोलावली की पुढचं सगळं घसरतं.

## टप्पा १: आधी प्रश्न निवडा, माणसं नंतर

'केंद्र कसं सुधारावं?' या प्रश्नावर दोनच तऱ्हेची उत्तरं येतात: 'सगळं छान आहे' किंवा 'जेवण सुधारा'. एका वेळी एकच नेमका विषय घ्या. सुरुवातीला हे तीन विषय चांगले चालतात:

- दाखल झाल्यानंतरचे पहिले ७२ तास
- घरच्यांशी फोन आणि भेटीचे नियम
- डिस्चार्जच्या आदल्या दिवसापासून पुढचे ३० दिवस

विषय ठरला की एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात केंद्रप्रमुख स्वतः बदलू शकतात अशा गोष्टी, दुसऱ्यात विश्वस्तांची मंजुरी लागेल अशा, तिसऱ्यात कायदा किंवा वैद्यकीय कारणामुळे हलवता न येणाऱ्या. पहिला रकाना रिकामा राहिला तर विषय बदला. ज्या विषयात काहीच हलणार नाही त्यावर मत विचारणं म्हणजे माणसाचा वेळ वाया घालवणं, आणि अशा वागणुकीचा अनुभव या लोकांना आधीच भरपूर असतो.

इशारा: काही गोष्टी चर्चेला ठेवायच्याच नाहीत, त्या आधी दुरुस्त करायच्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्थाही येतात. याच कायद्याच्या कलम २० नुसार रुग्णाचं सक्तीने मुंडण करता येत नाही, त्याला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे, त्याच्यावर कामाची सक्ती करता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. 'श्रमदान' या नावाखाली संडास-स्वयंपाकघराची कामं रुग्णांवर लादली जात असतील, तर ती थांबवायला कुठल्याही गटाच्या सल्ल्याची वाट पाहू नका.

## टप्पा २: पैसे आणि अधिकार लेखी घ्या

'ते प्रेमापोटी येतात, पैसे कसले द्यायचे?' हा युक्तिवाद विश्वस्तांच्या बैठकीत हमखास येतो. डॉक्टर आणि समुपदेशक त्या बैठकीला पगारी वेळेत बसलेले असतात. रिक्षाचालक किंवा सेंटरिंग कामगार मात्र दिवसाचा रोज बुडवून आलेला असतो. मानधन किमान त्या भागातल्या एका दिवसाच्या मजुरीइतकं ठेवा. नमुन्यादाखल हिशेब असा:

- मानधन: ८ जण × ६ बैठका × ८०० रुपये = ३८,४००
- प्रवासखर्च: ४८ फेऱ्या × सरासरी २०० रुपये = ९,६००
- जेवण-चहा: ११ जण (८ सभासद, ३ कर्मचारी) × ६ वेळा × १०० रुपये = ६,६००
- झेरॉक्स, फोन, कागद: २,४००

एकूण ५७,०००. दर तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण यातलं एकही कलम काढू नका. मानधन त्याच दिवशी मिळायला हवं. रोख, यूपीआय की बँक खातं, हे प्रत्येकाला एकट्याने विचारा. हातात एकरकमी रोख आली की काहींना त्रास होतो, काहींच्या खात्याचं कार्ड घरच्यांकडे असतं. मात्र 'याच्या हातात पैसे नकोत' असं परस्पर ठरवून ते बायकोकडे देऊ नका. ते पैसे त्याच्या कामाचे आहेत.

पैशांइतकाच महत्त्वाचा एक कागद म्हणजे केंद्रप्रमुखांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र: गटाच्या प्रत्येक सूचनेला २१ दिवसांच्या आत लेखी उत्तर मिळेल. विश्वस्त बिचकत असतील तर त्यांना दाखवा की राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तींच्या प्रतिनिधींना कायद्यानेच जागा दिली आहे. सल्ला गट त्याच तत्त्वावर, पण केंद्राच्या पातळीवर चालतो.

## टप्पा ३: गट कसा बनवायचा

आठ जण पुरेत. पाचापेक्षा कमी झाले तर दोघे गैरहजर राहिल्यावर बैठक कोलमडते, दहाच्या वर गेले तर तिघेच बोलतात.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. केंद्राला आवडणारे, पाच-दहा वर्षं सोबर (नशेपासून दूर) असलेले, दर वर्षी बर्थडेला, म्हणजे व्यसन सोडल्याच्या वाढदिवसाला येणारे तेवढेच बोलावले जातात. त्यांच्याबाबतीत उपचार यशस्वी झाला. जिथे तो फसला तिथली माहिती त्यांच्याकडे नसते. म्हणून आठांत निदान तिघे असे घ्या जे डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन मध्येच निघून गेले, किंवा डिस्चार्जनंतर महिनाभरात पुन्हा प्यायला लागले, किंवा तीन-चार वेळा दाखल झाले.

- सोबर राहण्याची किमान मुदत घालू नका. समुपदेशकाच्या नोकरीसाठी अशी अट समजण्यासारखी आहे, सल्ला गटासाठी नाही. अट एकच: बैठकीच्या दिवशी माणूस नशेत नसावा आणि विथड्रॉवलमध्ये (नशा बंद झाल्यावर होणाऱ्या शारीरिक त्रासात) नसावा.
- ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (गर्दसारख्या व्यसनावरची औषधं) डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणारी व्यक्ती उपचार घेत असते. 'हा अजून गोळीवरच आहे' म्हणून तिला वगळू नका.
- महिला किमान दोन. एकच असेल तर ती गप्प बसते किंवा तिच्याकडून 'सगळ्या बायकांचं' मत मागितलं जातं.
- दारू, गर्द, एमडी (मेफेड्रोन), झोपेच्या गोळ्या, तंबाखू यांचे अनुभव वेगवेगळे असतात. तुमच्या रजिस्टरमध्ये गेल्या वर्षी जे प्रमाण असेल त्याच्या आसपास राहा.
- सध्या वॉर्डात असलेला रुग्ण गटात नको. त्याचा डिस्चार्ज तुमच्या हातात आहे, तो मोकळं बोलणार नाही. त्याचं मत हवं असेल तर बाहेरच्या माणसाकडून नाव न घेता विचारून घ्या.

केंद्रात नोकरीला लागलेले माजी रुग्ण हा वेगळा विषय आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत व्यसनातून बाहेर पडलेले लोक कामाला असतात आणि रुग्णाला धीर देण्यात त्यांचा फार उपयोग होतो. पण पगार देणाऱ्या संस्थेच्या चुका उघडपणे सांगायला त्यांच्यावर दडपण येतं. त्यांना बैठकीला कर्मचारी म्हणून बोलवा, आठांत मोजू नका.

घरच्यांचं काय? आपल्याकडे पुष्कळ रुग्णांना बायको, आई किंवा भाऊ घेऊन येतात, कधी फसवून, कधी चार जणांनी धरून. त्या दिवसाबद्दल आईची आठवण आणि मुलाची आठवण यांचा मेळ बसत नाही, आणि एकमेकांसमोर दोघंही खरं बोलत नाहीत. घरच्यांचा चार-पाच जणांचा गट वेगळा करा. पहिल्या तीन बैठका स्वतंत्र घ्या आणि चौथ्या बैठकीला दोन्ही गट एकत्र आणा. एकाच घरातले दोघे मात्र एकत्र बैठकीतही समोरासमोर नकोत.

इशारा: अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या स्वयंसहाय्य संघटनेच्या गटाला 'तुमचा प्रतिनिधी पाठवा' असं पत्र देऊ नका. त्यांच्या परंपरांनुसार ते बाहेरच्या कुठल्याही संस्थेशी संलग्न होत नाहीत आणि सभासदांचं नाव उघड करत नाहीत. एखादा सभासद व्यक्ती म्हणून येऊ शकतो, एएच्या वतीने नाही. त्यांच्या मीटिंगमध्ये बसून माणसं हेरणं तर अजिबात नको.

## टप्पा ४: पहिला फोन

रजिस्टरमधला नंबर बऱ्याचदा रुग्णाचा नसतो. तो दाखल करणाऱ्याचा असतो: भावाचा, मेव्हण्याचा, कंपनीतल्या सुपरवायझरचा. चार वर्षांपूर्वीचा नंबर आज भलत्याच माणसाकडे असू शकतो. म्हणून:

१. सुरुवातीला केंद्राचं नाव घेऊ नका. 'नमस्कार, मी अमुक बोलतेय, अमुक अमुक आहेत का?' एवढंच.
२. दुसऱ्या कुणी उचलला तर 'पुन्हा करते' म्हणून ठेवा. निरोप नको, व्हॉट्सअॅप नको.
३. तीच व्यक्ती असल्याची खात्री झाली की विचारा: 'आत्ता एकट्याने बोलता येईल का?'
४. मगच केंद्राचं नाव, कामाचं स्वरूप, वेळ आणि मानधन सांगा. 'उपचाराचा फोन नाही, तुमचा सल्ला हवाय' हे पहिल्या मिनिटात स्पष्ट करा, कारण पलीकडचा माणूस थकबाकी किंवा उपदेश यांच्या अपेक्षेने ताणलेला असतो.
५. उत्तर लगेच मागू नका. आठवड्याने एकदाच फोन करा. दुसऱ्यांदा नाही म्हटलं तर यादीतून नाव काढा.

आठ माणसं मिळवायला पंचवीसेक फोन धरून चाला. हे काम त्या व्यक्तीचा उपचार केलेल्या समुपदेशकाकडे देऊ नका. त्याला नाही म्हणणं जड जातं.

## टप्पा ५: संमती आणि गुप्तता

संमतीपत्र एका पानाचं, मराठीत, मोठ्या अक्षरात असावं आणि ते वाचून दाखवावं. त्यात या गोष्टी हव्यातच: गट कशासाठी आहे, किती बैठका, किती मानधन, कधीही सोडता येतं, सोडल्याने पुढच्या उपचारावर परिणाम होणार नाही, फोटो किंवा नाव देणगीपत्रकात, बातमीत, फेसबुकवर वापरलं जाणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. गटात येऊन त्याने तो हक्क सोडून दिलेला नसतो.

गळती कुठून होते ते पाहा:

- व्हॉट्सअॅप ग्रुप. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि ग्रुपच्या नावात 'व्यसनमुक्ती' असेल तर घरातलं पोरही वाचतं. प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज पाठवा. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर तुमचा नंबर ज्याने सेव्ह केला असेल त्यालाच मेसेज जातो हे ध्यानात ठेवा.
- हजेरीपट. लेखापरीक्षणासाठी सही लागते, पण ती व्हाउचरवर घ्या आणि व्हाउचर हिशेबनिसाकडे ठेवा. इतिवृत्तात 'सभासद १, सभासद २' एवढंच लिहा.
- रिसेप्शन. 'ते माजी पेशंट आलेत' असं ओरडून सांगितलं जातं. तिथल्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

इशारा: कुणी माल कुठून घेतला, सध्या कोण काय घेतं, हे बैठकीत विचारू नका आणि लिहून तर मुळीच ठेवू नका. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४अ उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला संरक्षण देतं खरं, पण ठरावीक गुन्ह्यांपुरतं, सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणच्या उपचाराच्या अटीवर, आणि उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं. तुमचं इतिवृत्त कुणाच्या विरोधातला पुरावा होता कामा नये.

## टप्पा ६: बैठक

वेळ रविवारी सकाळी १० ते ११.३०, मध्ये १० मिनिटं चहा, नंतर जेवण. संध्याकाळ टाळा, पुष्कळांची पिण्याची वेळ तीच असते. धुळवड, गटारी, गणपती विसर्जन, ३१ डिसेंबर यांच्या आसपासचे दिवसही टाळा. जागा वॉर्डाच्या कुलूपबंद दरवाज्याआड नको. तिथे पाय ठेवताच काहींना जुना घाम फुटतो. विषयपत्रिका ७ दिवस आधी, तीही जास्तीत जास्त तीन मुद्द्यांची.

केंद्राचे कर्मचारी तीनच असावेत: बैठक चालवणारा, लिहिणारा आणि निर्णय घेऊ शकणारा. सगळा स्टाफ गोलात बसला की बैठकीची चौकशी समिती होते.

आता खरी अडचण. केंद्रात आणि एएसारख्या मीटिंगमध्ये या लोकांना 'शेअर' करायची सवय लागलेली असते. सुरुवात कशी झाली, किती खाली गेलो, कसा वर आलो, शेवटी केंद्राचे आभार. तुम्ही बोट दाखवलंत की तोच क्रम सुरू होतो, आणि तासभर ऐकून हाती काम करण्याजोगं काहीच लागत नाही. यावर उपाय म्हणजे कागद. भिंतीवर लांब कागद लावा आणि 'गेटमधून आत आलो' पासून 'घरी जाऊन ३० दिवस झाले' पर्यंत रेघ ओढा. प्रत्येकाला दहा चिकट चिठ्ठ्या द्या. जिथे काही घडलं तिथे चिठ्ठी लावायची, लाल त्रासाची, हिरवी मदतीची. लिहिता न येणाऱ्याची चिठ्ठी बैठक चालवणाऱ्याने लिहावी, शब्द मात्र त्याचेच ठेवावेत.

प्रश्नही घटनेबद्दल विचारा, भावनेबद्दल किंवा मताबद्दल नको:

- 'पहिले दिवस कसे वाटले?' याऐवजी 'पहिल्या रात्री झोप लागली नाही तेव्हा कुणाला हाक मारली? कोण आलं?'
- 'समुपदेशन उपयोगी होतं का?' याऐवजी 'समुपदेशकाशी एकट्याने किती वेळा बोललात? तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?'
- 'फॉलोअपला का नाही आलात?' याऐवजी 'फॉलोअपची तारीख तुम्हाला कुणी, कशावर लिहून दिली? त्या दिवशी काय झालं?'

'का' या शब्दाने सुरू होणारा प्रश्न या लोकांनी आयुष्यभर आरोप म्हणून ऐकलेला असतो.

इशारा: बैठकीत मारहाण, बांधून ठेवणं, पैसे उकळणं असं काही निघालं तर तो सुधारणेचा मुद्दा राहत नाही, ती तक्रार आहे. विषय तिथेच थांबवा आणि त्या व्यक्तीशी वेगळं बोला. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २८ नुसार सेवेतल्या त्रुटीची तक्रार वैद्यकीय अधिकाऱ्याकडे करता येते, तिथे समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नेता येते. हे सांगून लिहायला मदत करा.

तपासणी: बैठक संपल्यावर लिहिणाऱ्याने पाहावं, निम्म्यापेक्षा जास्त वेळ कोण बोललं? उत्तर 'स्टाफ' असेल तर पुढच्या वेळी स्टाफ आणखी एकाने कमी करा.

## टप्पा ७: सूचनेचं बदलात रूपांतर

प्रत्येक सूचना अशा रीतीने लिहा की ती झाली की नाही हे कुणालाही तपासता येईल. 'डिस्चार्जच्या वेळी नीट समजावून सांगावं' हे तपासता येत नाही. 'डिस्चार्जच्या आदल्या दिवशी रुग्णाशी एकट्याने ३० मिनिटं बोलणं, औषधांची मराठीत लिहिलेली चिठ्ठी, फॉलोअपची तारीख-वेळ, आणि घरी गेल्यावर ४८ तासांत एक फोन' हे तपासता येतं. असा बदल आधी ४ आठवडे एका वॉर्डात करून पाहा.

वैद्यकीय मुद्द्यांवर घोळ होतो, म्हणून एक उदाहरण. 'पहिल्या तीन रात्री दर थोड्या वेळाने उठवतात, झोपू देत नाहीत' ही खरी आणि वारंवार येणारी तक्रार आहे. पण दारू थांबल्यानंतर फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो, आणि भ्रम, थरथर, ताप असा गंभीर विथड्रॉवल साधारण ४८ ते ९६ तासांत दिसतो. तपासणी बंद करता येणार नाही. मोठा दिवा न लावता टॉर्चने पाहणं, उठवण्याआधी नाव घेणं, दाखल होतानाच 'पहिल्या रात्री आम्ही वारंवार येणार, कारण असं आहे' हे सांगणं मात्र करता येईल. डॉक्टरांनी बैठकीत येऊन कारण सांगावं आणि गटाने पद्धत सुचवावी.

उलट प्रकारही होतो. 'आम्ही गोळ्यांशिवाय टर्की (विथड्रॉवलचा त्रास) काढली, यांनाही काढू द्या, त्याशिवाय अक्कल येत नाही' असं एखादा जुना सभासद ठामपणे म्हणतो. अनुभव त्याचा आहे, त्याचा आदर करा, पण ही सूचना कारण देऊन नाकारा. औषध आणि त्याचा डोस हा गटाच्या मताचा विषय नाही.

## टप्पा ८: उत्तर द्या

बैठकीनंतर २१ दिवसांच्या आत एका पानाचा तक्ता तयार करा: काय सांगितलं, काय केलं. उत्तरं तीनच असू शकतात: 'केलं', 'अमुक तारखेपर्यंत करू', 'करणार नाही, कारण…'. 'विचाराधीन' हा शब्द वापरायचा नाही. तक्ता सभासदांना पाठवण्यापेक्षा पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला वाचून दाखवा आणि, नावं नसल्याने, वॉर्डाच्या भिंतीवरही लावा. आत्ता दाखल असलेल्याला तो वाचून कळतं की इथून गेलेल्यांचं ऐकलं जातं.

गट दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर विरघळला तर आधी हा तक्ता तपासा. माणसं बेजबाबदार आहेत असं मानण्याची घाई होते. बरेचदा आधीच्या सूचनांना उत्तरच गेलेलं नसतं.

## टप्पा ९: सभासदाचा रिलॅप्स झाला (व्यसन पुन्हा सुरू झालं) तर

हे घडेल असं धरूनच पहिल्या दिवशी प्रत्येकाशी एकट्याने बोलून तीन गोष्टी लिहून घ्या: तो दोन दिवस फोन उचलेनासा झाला तर कुणाला कळवायचं, कुणाला मुळीच कळवायचं नाही, आणि उपचार लागले तर कुठे घ्यायला आवडतील. केंद्रातच हवे असतील तर बैठक चालवणाऱ्याने त्याचा समुपदेशक व्हायचं नाही.

रिलॅप्स झाला म्हणून गटातून काढू नका. 'जागा राखून ठेवली आहे, बरं वाटलं की या' एवढंच सांगा, आणि गटाला फक्त 'आज ते येणार नाहीत' एवढंच. बैठकीला पिऊन आलाच तर सगळ्यांसमोर काही न बोलता एकाने बाजूला घेऊन बसवावं, चहा-पाणी द्यावं आणि घरी सोडण्याची सोय करावी. प्रवासखर्च त्यालाही द्यावा.

इशारा: गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थ काही आठवडे बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी रोज पचणारा डोस आता श्वास थांबवू शकतो. हा धोका गटातल्या प्रत्येकाला आणि त्याने निवडलेल्या घरच्या माणसाला स्पष्ट सांगून ठेवा. बेशुद्धी, श्वास मंद किंवा घरघर, ओठ निळसर दिसले तर कुशीवर वळवून लगेच १०८ ला फोन करायचा. 'झोपलाय, झोपू द्या' असं म्हणण्यातच माणूस जातो. रात्री-अपरात्री मन सैरभैर झालं तर सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ हे दोन नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्याच बैठकीत सेव्ह करून द्या.

## वर्ष संपताना

दर वर्षी एक तृतीयांश सभासद बदला, म्हणजे आठांतले दोघे-तिघे. दोन-तीन वर्षं बसलेला सभासद हळूहळू केंद्राच्या अडचणी केंद्राच्याच बाजूने सांगू लागतो. जाणाऱ्याला अनुभवाचं पत्र हवंय का ते विचारा, आणि त्यात 'माजी रुग्ण' हा शब्द घालायचा की फक्त 'सेवा सुधारणा सल्लागार' लिहायचं हे त्यालाच ठरवू द्या. नवीन येणाऱ्यांना पहिल्या बैठकीआधी जुन्या दोन सभासदांसोबत स्टाफशिवाय तासभर बसू द्या, त्या तासाचंही मानधन धरा.